उचलली गाडी, लावली बोर्डाला

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, टाकी सफाईची तारीख आणि डास फवारणीचं वेळापत्रक यांच्या मधोमध, सध्या माझा फ्लॅट नंबर झळकतोय. 'सदर सभासद पार्किंगच्या जागेत विनापरवाना गॅरेज चालवत असल्याचे निदर्शनास आले असून त्यांना रु. 500 दंड आकारण्यात येत आहे.' शेजारी रंगीत फोटो. फोटोत मी ओणवा आहे आणि पाठमोरा आहे. याहून जास्त वर्णन करत नाही, घरातली माणसंही वाचतात.

खाली तीन सह्या आहेत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार. पहिल्या दोघांबद्दल मला काही बोलायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे काका, म्हणजे खजिनदार, यांच्याबद्दल मात्र बोलायचंय. कारण तो फोटो काढला तेव्हा ते माझ्यापासून हातभर अंतरावर, माझ्या घरच्या खुर्चीत, माझ्या घरचा चहा पीत बसले होते. फोटोत त्या खुर्चीचा एक पाय आलाय. काका नाही आले.

सुरुवात झाली पुढच्या शॉकअपपासून. मुलुंडहून अंधेरीला जेव्हीएलआरवरून, म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून, रोज मोटारसायकलने जाणाऱ्या माणसाच्या शॉकअपचं ऑइल सील, म्हणजे आतलं तेल अडवणारं रबरी कडं, किती दिवस टिकणार? चकचकीत नळीवर तेलाचं एक काळं कडं तयार झालं. बोट फिरवलं की तेल आणि रस्त्याची बारीक खडी, दोन्ही बोटाला लागायचं. हे तेल ओघळून डिस्कवर गेलं की पुढचा ब्रेक नुसता नावाला उरतो. सर्व्हिसवाल्यांनी सील बदलल्याचे पैसे घेतले, आणि पहिल्या पावसात ते कडं पुन्हा हजर. तक्रार केली तर म्हणाले, 'सर, आता पूर्ण असेंब्लीच बदलू या.' सील मिळतं शे-दोनशे रुपयांत. असेंब्लीचा आकडा ऐकून मी गाडी ढकलतच बाहेर आणली, ती चालू असूनसुद्धा. म्हटलं, घरीच करू.

आता, पुढचं चाक आणि शॉकअप काढायचं तर गाडी पुढून अधांतरी राहायला हवी. डबल स्टँडने फक्त मागचं चाक उचललं जातं. मग शोध सुरू झाला लिफ्टचा. परदेशी व्हिडिओंमध्ये एक गडी शीळ घालत येतो, गाडी एका सात फुटी पत्र्याच्या टेबलावर चढवतो, पायाने पंप मारतो आणि गाडी कमरेइतकी वर येते. त्या टेबलाचं स्वतःचं वजनच शंभर किलोच्या वर. शिवाय ते हायड्रॉलिक असल्यामुळे, वर गेल्यावर लोखंडी खीळ घालून कुलूपबंद करावं लागतं, कारण आतलं सील गळलं तर टेबल हळूहळू खाली येतं. म्हणजे ऑइल सील गळतंय म्हणून लिफ्ट घ्यायची आणि ती लिफ्ट उभी दुसऱ्या ऑइल सीलवर. आणि सात फुटी टेबल ठेवणार कुठे? मुंबईत सात फूट जागा रिकामी असेल तर तिथे लिफ्ट नाही, भाडेकरू ठेवतात.

पॅडॉक स्टँड, म्हणजे गाडीचं एक टोक उचलून धरणारा लोखंडी स्टँड, स्वस्त आणि सुटसुटीत. पण पुढचा साधा पॅडॉक स्टँड शॉकअपच्याच बुडाला धरून गाडी उचलतो. जो काढायचा त्याच्याच जिवावर गाडी उभी करायची, म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड. उरला सिझर जॅक. इंजिनाखाली, चौकटीला लागेल असा सरकवायचा आणि आट्यांचा दांडा फिरवत राहायचं. सायलेन्सरच्या पाइपाला आणि ऑइलच्या नटाला तेवढा टेकू द्यायचा नाही. आट्यांचा असल्यामुळे हात काढला तरी तो आहे तिथेच थांबतो, गळायला आत काही नाहीच.

नागदेवी स्ट्रीटला गेलो. पान्यापासून पंपापर्यंत तिथे सगळं मिळतं, फक्त माझ्या मापाचं काही मिळत नव्हतं. दुकानदाराचा पहिला प्रश्न, 'कितने टन का?'

'दोनसौ किलो.'

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. 'दोसौ किलो में क्या आता है?'

'मोटरसायकल.'

'वो तो दो आदमी उठा लेंगे. जॅक कायको?'

मुंबईत हा प्रश्न बिनतोडच आहे. माणसं स्वस्त, जागा महाग. शेवटी पोटमाळ्यावरून एक धूळ खाल्लेलं धूड खाली आलं, वर रबराच्या दोन पट्ट्या आणि अंगावर पाचशे किलोचा छाप. मशीद स्टेशनला स्लो लोकल पकडून ते मालडब्यातून आणलं. एक मावशी त्यावर टोपलीसकट बसल्या आणि कांजूरमार्गला उतरताना 'मजबूत हाय' म्हणाल्या. एवढं निखळ कौतुक त्या जॅकच्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

रविवारी सकाळी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगात, गाडी लावली, पाने मांडले आणि वर पाहिलं तर काका. काका माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आमच्या इमारतीत लहान मुलं बोलायला लागली की आई, बाबा आणि हे वाक्य लवकर शिकतात.

'काय उचलतोयस?'

'गाडी, काका. दोनशे किलो.'

'अच्छा.' ते थोडा वेळ गप्प राहिले, माझी कीव करत. 'आम्ही चाळीस टनांचा डबा उचलायचो. चार कोपऱ्यांना चार व्हायटिंग जॅक, रेल्वेचे डबे उचलायचे. चारही एकाच वेळी चढले पाहिजेत. एखादा मागेपुढे झाला तर काय होईल?'

'डबा कलंडेल.'

'डबा नाही. नोकरी जाईल.' मग माझ्या बायकोला वर हाक मारून त्यांनी खुर्ची मागवली. 'पहिला नियम. उचलताना बोलणारा माणूस एकच. बाकी सगळ्यांची तोंडं बंद.' बोलणारा कोण, हे खुर्ची येईपर्यंत ठरून गेलं होतं.

'जॅकखाली काय आहे?'

'जमीन.'

'जमीन नाही. पेव्हर ब्लॉक. पेव्हर ब्लॉकखाली?'

'वाळू.'

'वाळूवर जॅक लावतोयस.' हा प्रश्न नव्हता. वॉचमनला गच्चीवर पिटाळून त्यांनी गणपतीच्या मखराची उरलेली प्लाय आणवली, म्हणजे वजन पसरेल. मग घरी जाऊन, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली पितळी पाणसळ आणली. लाकूड हाताने घासून काळंभोर झालेलं, आणि मधल्या काचेत हिरवट बुडबुडा. तो बुडबुडा एका बाजूला पळाला.

'उतार आहे. गटाराकडे.'

'पाणी जावं म्हणून असतो, काका.'

'पाणी जाईल. गाडीपण जाईल.'

वॉचमनचं व्हिजिटर रजिस्टर प्लायखाली घातलं तेव्हा बुडबुडा मधे आला. त्या दिवशी सोसायटीत कोण आलं आणि कोण गेलं याची कुठेही नोंद नाही.

यातलं सगळ्यात चीड आणणारं काय असेल तर काका प्रत्येक बाबतीत बरोबर होते. 'एक्सलचा नट गाडी जमिनीवर आहे तोवरच सैल कर, वर गेल्यावर झटके मारलेस तर आडवी होईल.' बरोबर. 'पुढच्या ब्रेकला ट्यूबच्या पट्टीने आवळ, चढताना चाक फिरायला नको.' बरोबर. दांडा फिरवायला घेतला तर सुरुवातीला हलेचना. काकांनी दोन्ही हातांची कात्री करून दाखवली. 'पसरलेली असते तेव्हा तुझा जोर आडवा जातो. उभी होत गेली की वर जातो. आधी घाम काढेल, मग हलका होईल.' तोही अगदी सांगितल्याप्रमाणे हलका झाला. चांगला सल्ला देणाऱ्यावर रागावता येत नाही, आणि तो राग अंगात कुठे ठेवायचा याचा जॅक अजून बाजारात आलेला नाही.

गाडी वर गेली. दोन्ही हँडलांना पट्टे बांधून खांबांना ताणले. 'मागच्या चाकाखाली ठोकळा सरकव. पुढचं चाक निघालं की वजन मागे जातं, शेपूट खाली बसेल.' ठोकळा सरकवला, चाक काढलं, आणि गाडी वरातीतल्या घोडीसारखी तोंड वर करून उभी राहिली. वर गॅलऱ्यांमधून टाळ्या. मुलुंड पूर्वेला रविवारी सकाळी करमणूक कमी असते.

'सील गेलंय कशावरून?' काका म्हणाले. 'कडेला माती अडकली असेल. पातळ फिल्म घालून फिरव, निघेल.' युक्ती खरी आहे, पूर्वी लोक कॅमेऱ्याच्या जुन्या निगेटिव्हने हे करायचे. पण निगेटिव्ह आता कोणाकडे असते? काकांकडे गुडघ्याचा एक्स-रे होता.

'काप. पण उजवा कापू नकोस, त्याचं ऑपरेशन व्हायचंय. डावा घे.'

मी त्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी कात्रीने गोल कापली. आयुष्यात असे क्षण येतात तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं. डाव्या नळीतून खरोखरच चिमूटभर वाळू निघाली. उजव्या सीलचा ओठ मात्र चिरलेला होता, ते बदलावंच लागणार होतं.

मी सील बाहेर काढत होतो तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा सायकल घेऊन आला. चेन पडली होती. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोंड उघडायचं नाही असा नियम होता. 'ठेव तिकडे,' काका म्हणाले. 'याचं झालं की घेऊ.' मग आणखी एक सायकल. मग एक बाबागाडी, जिचं बाळ आता कॉलेजात आहे. मग एक काकू कुकरचं हँडल घेऊन, 'जाता जाता एवढा स्क्रू.' वॉचमननेही आपली सायकल हळूच रांगेत सरकवली. गोंधळ नको म्हणून काकांनी खडू मागवला आणि प्रत्येक वस्तूसमोर फरशीवर नंबर घातले. कुकर चार नंबरवर होता.

नेमके तेव्हाच दुधाची पिशवी घेऊन सचिव आले. त्यांनी मोबाइल काढला. काकांनी खुर्ची सरकवली. नंतर विचारलं तर म्हणाले, 'ऊन आलं होतं.' इमारत बांधल्यापासून त्या स्टिल्टमध्ये ऊन आलेलं नाही.

मला दंडाचं दुःख नाही, असं लिहिणार होतो. पण आहे. त्याच पार्किंगात, दोन खांब सोडून, ताडपत्रीखाली एक मोटार आहे. तिचे चारही टायर बसलेत, मालक परगावी, आणि डिकीखाली मांजरांच्या पिढ्या वाढल्यात. तिला नोटीस नाही. कोणाचा तरी जुना सोफा आहे, त्याला नोटीस नाही. बाहेर रस्त्यावर मिस्त्री इंजिनाखाली लाकडाचा ओंडका लावून, भर फुटपाथवर अख्खी गाडी खोलतो, आणि आमचे सगळे पदाधिकारी त्याच्याकडेच जातात. गाडी सडवायला जागा आहे, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायलाही आहे. स्वतःच्या गाडीचं स्वतःच्या हाताने काही करायचं म्हटलं की मात्र नियम आठवतात. मेंटेनन्स मी दर महिन्याला भरतो, म्हणजे इमारतीचा. गाडीचा केला की दंड.

रात्री बसून उत्तर लिहिलं. मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये निकाल दिलाय की इमारतीखालचं खांबांमधलं पार्किंग हे गॅरेज नव्हे, ते बिल्डरला वेगळं विकता येत नाही. गॅरेज म्हणायचं तर छप्पर हवं आणि तीन बाजूंना भिंती. आमच्याकडे वर स्लॅब आहे, भिंत एकच आणि तिच्यावर मीटर. 'सबब, सर्वोच्च न्यायालयाच्या मते जे तेथे अस्तित्वातच नाही, ते चालवल्याचा आरोप मला मान्य नाही.' दोन प्रतींत दिलं, पोच घेतली.

सचिव म्हणाले, 'तो निकाल बिल्डरसाठी आहे.'

'मग दंड बिल्डरला लावा.'

'पुढच्या मीटिंगला घेऊ. तोवर पैसे भरा, नाहीतर बिलात चढतील.'

काका जिन्यात भेटले. 'काका, तुम्ही सही कशी केलीत?'

'ती खजिनदाराची सही आहे,' ते शांतपणे म्हणाले. 'रविवारी मी खजिनदार नसतो.'

पैसे भरायला त्यांच्याकडेच गेलो. त्यांनी पावतीपुस्तक उघडलं. छापील रकाने: मेंटेनन्स, पार्किंग, हस्तांतरण फी, सभागृह भाडे. दंडाला रकानाच नाही. चष्मा वर करून त्यांनी बराच विचार केला आणि 'सभागृह भाडे'समोर बरोबरची खूण केली. शिक्का मारला.

'हे बघ. भाडं भरलंय, पावती आहे. आता तुला खालून कोण उठवतो ते मी बघतो. या रविवारी मागचं चाक काढू.'

'मागच्या चाकाला काही झालेलं नाही, काका.'

'उघडल्याशिवाय कळतं होय?' असं म्हणून त्यांनी आत हाक मारून उजव्या गुडघ्याचा एक्स-रेही मागवला.