सोळा पेशी आणि एकच अंडं: ‘नुसत्या विटा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सांगलीतल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘अंड्यात काय घडायचं ते सगळं डीएनए ठरवतो. ॲक्टिन, स्पेक्ट्रिन, ट्युब्युलिन म्हणजे नुसत्या विटा. आणि माशीच्या अंड्याचा अभ्यास माणसाच्या काय कामाचा?’ मी प्राणिशास्त्र शिकवते. मुलं हेच पेपरात उतरवतील, म्हणून लिहितेय.

‘सगळं डीएनए ठरवतो.’ ॲक्टिन, स्पेक्ट्रिन, ट्युब्युलिन ही पेशीचा सांगाडा उभारणारी प्रथिनं. प्रथिनं बनवण्याची कृती डीएनएत असते, इथवर बरोबर. पण फळमाशीच्या अंडाशयात एका पेशीच्या चार विभाजनांत सोळा होतात. सोळाही जणींचा डीएनए तोच, तरी अंडं होते एकच. बाकी पंधरा तिला पोसतात. या निवडीला पेशींना जोडणारी स्पेक्ट्रिनची फांद्याफांद्यांची रचना लागते आणि ट्युब्युलिनच्या सूक्ष्मनलिकाही. गाउट या सांधेदुखीवर देतात ते कोल्चिसिन माशीला दिलं, की या नलिका मोडतात आणि सोळाच्या सोळा पेशी पोषक होऊन बसतात. डीएनए तर जिथल्या तिथे असतो!

‘नुसत्या विटा.’ वीट एकदा बसली की बसली. इथे तसं नाही. आम्ही माशा रवा-गुळाच्या खाद्यावर वाढवतो, गूळ सांगलीच्याच पेठेतला. मादीचं अंडाशय मिठाच्या पाण्यात दोन सुयांनी उकललं, की मण्यांच्या माळा सुटतात. टोकाला मोहरीहून कितीतरी बारीक मणी, पुढे मोठे होत गेलेले. प्रत्येक मण्यातल्या त्या सोळा पेशी ॲक्टिनच्या कड्यांनी जोडलेल्या. कडी सुरुवातीला १ मायक्रोमीटरच्या आसपास, वाढून १० पर्यंत जाते. शेवटी पोषक पेशी आपलं सगळं द्रव्य या कड्यांमधून अंड्यात ओततात. त्या वेळी ॲक्टिनच्या जुड्या केंद्रकांना मागे धरून ठेवतात. जुड्या बांधणारं फॅसिन हे प्रथिन नसेल, तर केंद्रक कडीत बुचासारखं अडकतं, अंडं खुरटतं, मादी वांझ राहते. अशा माशीचे केसही जळल्यासारखे वाकडे असतात, म्हणून जनुकाचं नाव ‘सिंज्ड’, म्हणजे होरपळलेला. बाहेरच्या केसावरून आतल्या अंड्याची अडचण कळते, याचं मला अजून नवल वाटतं.

माशीचं डोकं कुठे, शेपूट कुठे, हेही ट्युब्युलिनच्या नलिकांवरून ठरतं: बायकॉइड या जनुकाचा आरएनए, म्हणजे त्याची नक्कल, अंड्याच्या पुढच्या टोकाला, ऑस्कर या जनुकाचा मागच्या.

‘माणसाच्या काय कामाचा?’ फॅसिन माणसातही आहे, आणि अनेक कर्करोगांच्या पेशींत ते वाढलेलं सापडतं. उंदराच्या मादीच्या पिल्लातही अंडपेशी बहीणपेशींकडून पुलांवाटे द्रव्य घेते. तिथे कुठे बघायचं, हे माशीनेच दाखवलं होतं.