दोन एकतीस डिसेंबर आणि एक सुरमई

"हेलिकॉप्टरचे दिवस भरले," असं आमच्या बॅचच्या ग्रुपवर एकाने लिहिलं आणि खाली काळ्या समुद्रातला तो व्हिडिओ चिकटवला. तिथे चार ओळींत उत्तर देऊन झालं, पण समाधान झालं नाही. म्हणून इथे लांबण लावतोय. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आधी तो व्हिडिओ. ३१ डिसेंबर २०२४. क्रिमियाच्या पश्चिम टोकाला, तार्खानकुटच्या जवळ, युक्रेनच्या बिनमाणसाच्या होड्या (मागुरा व्ही-५ नावाच्या) आणि त्यांच्या मागावर रशियाची एमआय-८ हेलिकॉप्टरं. तोवर हा सामना बराचसा एकतर्फी असायचा. हेलिकॉप्टर वरून घिरट्या घालतंय, दारातला गनर गोळ्या ओततोय, खाली होडी पिसाळल्यासारखी वळणं घेतेय. या वेळी होडीवरूनच क्षेपणास्त्र सुटलं. एक हेलिकॉप्टर पडलं, दुसरं मार खाऊन कसंबसं तळावर परतलं, असं युक्रेनचं म्हणणं आहे. क्षेपणास्त्र कुठलं, तर आर-७३. मुळात लढाऊ विमानाच्या पंखाखाली लटकणारं, इंजिनाच्या उष्णतेचा वास काढत जाणारं. गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावरच्या आपल्या मिग-२९के विमानांचंही हेच हत्यार. सोव्हिएत काळातला माल काढला, साडेपाच मीटरच्या होडीवर बसवला आणि डागला. जुगाड आपल्याकडेच होतो असं कोणी म्हणू नये.

आता बरोबर एक वर्ष मागे चला. ३१ डिसेंबर २०२३, तांबडा समुद्र. मेर्स्क हांगझोऊ या कंटेनर जहाजाला हुथींच्या (येमेनमधल्या बंडखोरांच्या) चार छोट्या होड्यांनी घेरलं, पार वीस मीटरपर्यंत आल्या. जहाजाने मदत मागितली, अमेरिकी नौदलाची हेलिकॉप्टरं आली. होड्यांवरून त्यांच्यावर गोळीबार झाला, त्यांनी उलट मारा करून तीन होड्या बुडवल्या, चौथी पळाली. त्या होड्यांत माणसं होती हे खरं, पण धडा सगळ्यांनी एकच घेतला: छोट्या होडीवर औषध म्हणजे हेलिकॉप्टर. आणि वर्षभराने, त्याच तारखेला, होडीने हेलिकॉप्टर पाडलं. आमच्या मित्राचं "दिवस भरले" इथून आलंय.

मुळात हेलिकॉप्टर लागतंच कशाला, हे जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, उभं राहिल्याशिवाय कळत नाही. फायबरची बुटकी होडी रडारवर धड दिसत नाही. थोडा समुद्र चढला की लाटांच्या कचऱ्यात तिचा ठिपका एकदा येतो, दोनदा गायब होतो. समजा, तीन सागरी मैलांवर दिसली. मागुराचा वेग बेचाळीस नॉटपर्यंत (तासाला बेचाळीस सागरी मैल) जातो. हिशोब करा, चार-साडेचार मिनिटं. तेवढ्यात कॅप्टनला उठवायचं, अलार्म द्यायचा, जहाज वळवायचं. आमच्यासारख्या लोडेड बल्क कॅरियरला (सुटा माल भरलेल्या मालवाहू जहाजाला) वळायलाच त्यातला किती वेळ लागतो ते विचारू नका. युद्धनौकेचीही काही फार वेगळी गत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या रात्री रशियाची इवानोवेत्स गेली, १४ फेब्रुवारीला त्सेझार कुनिकोव्ह, ५ मार्चला सर्गेई कोतोव्ह. पाच आठवड्यांत तीन जहाजं, तिन्ही याच होड्यांनी.

वरून मात्र चित्र पालटतं. होडी लपते, पण तिच्यामागे पाण्यावर ओढली जाणारी पांढरी रेघ लपत नाही. रात्री थर्मल कॅमेऱ्यात तापलेलं इंजिन दिसतं. होडी कितीही पळाली तरी हेलिकॉप्टरचा वेग तिच्या तिप्पट. त्यामुळे रशियाने हेलिकॉप्टरं गस्तीला लावली ते शहाणपणाचंच होतं. चूक झाली ती जवळ जाण्यात. दारातल्या मशीनगनने नागमोडी पळणारी होडी टिपायची तर खाली आणि जवळ यावंच लागतं, आणि तिथेच आर-७३ वाट बघत होतं. त्यावर कोणी म्हणेल, मग दुरून जेट विमानांनी मारा. मे २०२५ मध्ये नोव्होरोसिस्कजवळ अशाच होडीवरून रशियाची दोन सुखोई-३० पाडल्याचाही युक्रेनचा दावा आहे. आता बोला.

पण माझा मुद्दा मारण्याचा नाहीच. बघण्याचा आहे.

एडनच्या आखातात ब्रिजवर माझी पहाटेची चार ते आठची वॉच (पहाऱ्याची पाळी). उजाडायला आलेलं. उजव्या बाजूला ठिपका, आला-गेला, आला-गेला. दुर्बिणीतून पांढरी स्किफ (छोटी उघडी होडी), त्यात दोन आकृत्या. हलत नव्हत्या. हे न हलणंच पोटात गोळा आणतं, कारण हुथींच्या स्फोटकं भरलेल्या होड्यांत माणसांऐवजी बुजगावणी बसवलेली दिसली आहेत. (यात हसण्यासारखंही आहे. चाच्यांना फसवायला आम्हीही बॉयलरसूटमध्ये चिंध्या कोंबून, वर हेल्मेट घालून बुजगावणी रेलिंगपाशी उभी करतो. बुजगावण्यांनी बुजगावण्यांकडे बघत बसायचं.) १२ जून २०२४ ला ट्यूटर जहाजाच्या मागच्या भागावर अशीच होडी धडकली, इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, एक खलाशी गेला आणि काही दिवसांनी जहाजही बुडालं. आमच्या इंजिनरूममध्ये त्या वेळी खाली चार जण होते. मी फोन उचलून त्यांना वर बोलावलं.

मग एक करडं हेलिकॉप्टर आलं. कुठल्या देशाचं ते राहू दे. स्किफभोवती एक मोठी फेरी, मग एक लहान. पंख्याच्या वाऱ्याने पाणी फुटायला लागलं तशी त्या दोन आकृत्यांपैकी एक उठली, वाकली आणि शेपटीला धरून मासा वर उचलला. चांगली हातभर सुरमई. दुसऱ्याने जाळ्याचा बोया दाखवला. हेलिकॉप्टर आणखी दोन मिनिटं थांबलं आणि निघून गेलं. मी खालच्यांना परत पाठवलं. थर्ड इंजिनियर जाता जाता म्हणाला, "सर, भाव विचारायचा ना."

तो मासा कुठल्या रडारला दिसला असता? दुरून क्षेपणास्त्र सोडणाऱ्याला दिसला असता? २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या समोर एन्रिका लेक्सी टँकरवरच्या इटालियन नौसैनिकांनी आपले दोन मच्छीमार चाचे समजून मारले. त्याच जुलैत दुबईजवळ अमेरिकी नौदलाच्या जहाजाने जवळ येणाऱ्या होडीवर गोळ्या झाडल्या, त्यात तमिळनाडूचा एक मच्छीमार गेला. दोन्हीकडे होडी बघितली ती जहाजावरून, आणि घाईत.

काळ्या समुद्राच्या त्या कोपऱ्यात रात्री जे हलतं ते बहुधा शत्रूचंच. आपल्याकडे तसं नाही. हर्णै बंदराबाहेर मोसमात रात्री उभं राहून बघा, दिव्यांचं गावच तरंगत असतं. शेकडो होड्या, कोणाचा एआयएस (होडीची ओळख आणि जागा कळवणारं यंत्र) बंद, कोणाकडे नाहीच. त्यात एखादी बिनमाणसाची घुसली तर ओळखणार कशी? २००८ ला 'कुबेर' ही आपलीच मासेमारी बोट पळवून ते दहा जण मुंबईपर्यंत आले होते, हे विसरायला फार वर्षं झालेली नाहीत.

म्हणून आपल्या नौदलाच्या एमएच-६०आर 'रोमिओ' हेलिकॉप्टरांकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. चोवीस घेतलीत. पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीला दाखल झाली. त्यांना हेलफायर क्षेपणास्त्र लागतं, म्हणजे मशीनगनच्या टप्प्यात जाण्याची सक्ती नाही. महागडी आहेत, २०१९ साली अमेरिकेने विक्रीला मंजुरी दिली तेव्हाचा अंदाज २.६ अब्ज डॉलरचा होता, त्यामुळे त्यांना एमआय-८ सारखं होडीच्या डोक्यावर नेऊन उभं करणं वेडेपणा होईल. माझ्या अडाणी मते पहिली नजर ड्रोनने टाकावी. तो पडला तर पडला. हेलिकॉप्टरने मागे राहून त्याच्या कॅमेऱ्यातून बघावं, दुरून मारावं. पण ड्रोनच्या चित्रात दोन न हलणाऱ्या आकृत्या दिसल्या आणि खात्री पटेना, तर? तर कोणीतरी जवळ जावंच लागेल, आणि ज्याच्या पोटात माणसं बसलीत असं यंत्र तिथे पाठवायचं की नाही, हा निर्णय ज्याला घ्यावा लागेल त्याच्या जागी मला उभं राहायचं नाही.

काकाला हे सगळं सांगितलं. तो पस्तीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख. त्याच्या होडीवरूनही कधीमधी हेलिकॉप्टर खाली येऊन जातं, तेव्हा तो दिवा घालवून शिव्या घालतो, कारण आवाजाने मासळी पांगते. म्हणाला, "पुढच्या वेळी सुरमई दाखवायची म्हणतोस? आणि त्या दिवशी जाळ्यात नुसता बारका ढोमा असला तर?"

मुंबईच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळावर किंवा हंसावर काम केलेले दोघं-तिघं माझ्या यादीत आहेत. जेवढं सांगता येण्यासारखं असेल तेवढंच सांगा: रात्री वरून बघताना, माणूस आणि बुजगावणं यांतला फरक किती उंचीपर्यंत कळतो?