पाणी कुणाच्या बापाचं?

पुन्हा तोच वाद! पाणी हा हक्क की माल? अहो, २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १२२ देशांनी ‘हक्क’ म्हणून मत दिलं ना? (४१ देश तटस्थ. तहानेच्या बाबतीतही तटस्थ, धन्य आहे!) मग २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या पाण्याचे वायदे (पुढच्या भावाचे आजच सौदे) बाजारात कसे आले? सोनं झालं, तेल झालं, आता तहानेवर सट्टा! बोलिव्हियातल्या कोचाबांबात २००० साली खासगी कंपनीने दर असे भडकवले की लोक रस्त्यावर उतरले, करारच गुंडाळावा लागला. तरी शहाणे ऐकवतात, ‘फुकट मिळालं की किंमत राहत नाही.’ ढग काय यांनी भरले? नद्या यांनी खणल्या? पाइप टाकलेत, पाइपाचे पैसे घ्या की! पाण्यावर मालकीची पाटी कशाला ठोकता?