आधी वायर, मग बल्ब

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी तेच भांडण पेटतं. कुणीतरी फोटो टाकतं: उसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, आणि तिच्यात घुसलेली मोटारसायकल. खाली कुणी लिहितं, समोरच्या पांढऱ्या एलईडीनं डोळे दिपले असणार, त्या पोराला ट्रॉली दिसलीच नसेल, हे एलईडी एकदाचे जप्त करा. माझा चुलतभाऊ बापू पिकअपमधून तासगावची द्राक्षं रातोरात वाशीला नेतो. तो उत्तर देतो, "हौस म्हणून कोण लावत नाही. रात्री दिसत नाही म्हणून लावतो." आणि शेवटी काकांचा प्रश्न माझ्याकडे येतो. तुमच्याकडं अमेरिकेत असलं चालतं का? तिकडं कायदा कडक असेल.

मी आयोवात, वॉटर्लूपासून थोडं बाहेर राहतो. चहूकडे मका आणि सोयाबीन, मैलामैलावर काटकोनात कापणारे खडीचे रस्ते, आणि दर दुसऱ्या घरापुढे पिकअप ट्रक. माझ्याकडेही २०१३चा, जुना घेतलेला फोर्ड एफ-१५० आहे. ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर ऐकून काका नाराज होतात, पण खरं तेच आहे: इथे माझ्या गाडीचे दिवे कुणीही तपासत नाही. आयोवात खासगी गाडीची ठरावीक मुदतीनं होणारी तपासणीच नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब बसवणं इथल्या केंद्रीय मानकात बसत नाही, पण तो बल्ब राजरोस विकला जातो. तुमच्याकडे कागदावरचा कायदा याहून जास्त कडक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे गाडीत परस्पर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आणि डोळे दिपण्याची तक्रार इथेही तितकीच आहे. अमेरिकेच्या नियमात हेडलाइट जमिनीपासून ५४ इंचांपर्यंत, म्हणजे १३७ सेंटिमीटरपर्यंत उंच बसवता येतो. युरोपात साध्या गाडीला ही मर्यादा १२० आहे. छोट्या मोटारीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून जेमतेम ११० सेंटिमीटरवर असतात. म्हणजे उंच ट्रकचा डिपर, म्हणजे खाली वळवलेला जवळचा उजेड, नियमात असूनही त्याच्या डोळ्यांच्या वरून सुरू होतो. समोरच्या गाडीपुरता उजेड आपोआप कापणारे हेडलाइट युरोपात कितीतरी वर्षं आधी आले. अमेरिकेनं त्यांना परवानगी दिली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेव्हा "परदेशात बघा" हे वाक्य या बाबतीत तरी कुणी वापरू नये असं मला वाटतं.

मला हे कळलं ते माझ्याच चुकीतून. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी ऑनलाइन एलईडी बल्ब मागवले आणि जुन्या हॅलोजनच्या जागी खोचले. घरासमोरच्या वाटेवर लख्ख पांढरा उजेड पडला, मी खूश झालो. दोन दिवसांनी शेजारचे म्हातारे शेतकरी आले. रागावले नाहीत. म्हणाले, गाडी घेऊन माझ्या शेडपाशी ये. शेडच्या पांढऱ्या पत्र्यासमोर त्यांनी आधी त्यांचा ट्रक उभा केला, मग माझा. त्यांच्या डिपरची वरची कड पट्टीनं ओढावी तशी सरळ होती. वर अंधार, खाली उजेड. माझ्या ट्रकच्या उजेडाला कडच नव्हती. तो पत्राभर पसरला होता, छपरापर्यंत. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन दिवस काय देत होतो ते मला तिथे दिसलं.

असं का होतं ते आपल्याकडच्या बोलेरोतल्या एच-४ बल्बवरून नीट समजतं. त्या बल्बात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर उजेड पडतो आणि तिथून उलटून रस्त्यावर येतो. सगळा हिशोब ती तार नेमकी कुठे आहे यावर. एलईडीत तार नाही, जाड पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप आहेत. जागा मिलिमीटरभर हलली की उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. बल्ब महाग घेतला म्हणून हे सुटतंच असं नाही, आणि खोक्यावरचे लुमेनचे आकडे तर याबद्दल काहीच सांगत नाहीत. शिवाय इथे आणखी एक गोष्ट घडली. हॅलोजनच्या उष्णतेनं काचेवरचा बर्फ वितळतो. एलईडीची काच थंड राहते. बर्फ साचत गेला आणि वादळात अर्ध्या वाटेवर मला उतरून हातानं खरवडावा लागला. मी हॅलोजन परत बसवले.

मग वेगळा एलईडी बार मात्र लावला, कारण खडीच्या रस्त्यावर नोव्हेंबरात हरणं अक्षरशः अंगावर येतात. १२० वॅटचा बार, साधारण नऊ अँपिअर करंट. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे पुढे कुठे वायर घासून चॅसीला टेकली तरी आग लागणार नाही. तिथून रिलेची, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची, ३० नंबरची पिन, ८७ वरून बारकडे, ८५ अर्थला (निगेटिव्ह बाजूला), ८६ ला स्विचचा सिग्नल. अर्थ बॅटरीच्या टोकावर नाही घेतली. माझ्या ट्रकमध्ये तिथे करंट मोजणारा सेन्सर आहे, त्याला चुकवून करंट गेला तर गाडीच्या संगणकाचा बॅटरीचा हिशोब बिघडतो. चॅसीचा रंग खरवडून, नागडा पत्रा काढून तिथे बोल्ट आवळला आणि वर ग्रीस लावलं. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. उघडा जोड एका मोसमात हिरवा पडतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ८६ची पिन. तिचा सिग्नल मी बॅटरीवरून घेतला नाही, अप्परच्या वायरवरून घेतला. अप्पर चालू असेल तरच बार लागतो. समोरून गाडी आली, मी डिपर मारला, की बारही त्याच क्षणी विझतो. आयोवाचा नियम समोरची गाडी १००० फुटांवर येईपर्यंत डिपर मारा म्हणतो. पण चढावर पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही, आणि या भागात मोटार न वापरणाऱ्या आमिश लोकांच्या घोडागाड्याही रात्री रस्त्यावर असतात. दोन वेगळी बटणं शोधायला तेव्हा वेळ नसतो. एक काडी ओढली की सगळं खाली, असंच असायला हवं.

गेल्या डिसेंबरात बापूला चलन झालं. बंपरवर बार, शिवाय हेडलाइटमध्ये एलईडी. त्याचं दुःख दंडाचं नव्हतं. "पासिंगच्या दिवशी सगळे काढतात, दुसऱ्या दिवशी लावतात. मीच सापडलो," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, बार काढच. आपल्या रस्त्यावर चालत जाणारी माणसं आहेत, सायकली आहेत, समोरून सतत गाडी आहे. तिथे अप्परच क्वचित लागतो, तर बार कधी लावणार? पण दिसत नाही हे त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय, वळणरस्त्यांवर ना पट्टे ना दिवे. म्हणून शनिवारी रात्री आठला मी इथून व्हिडिओ कॉल लावला. तिथे रविवारची सकाळ, साडेसात.

आधी त्याला जुने हॅलोजन बसवायला लावले. मग मीटर. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.९ व्होल्ट, आणि बल्बच्या होल्डरवर १२.२. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगानं उतरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. बापूच्या दिव्यांचा तिसरा हिस्सा उजेड बारीक वायरीत आणि गंजलेल्या अर्थमध्ये मुरत होता. कितीतरी पिकअपवाल्यांना "कंपनीचा लाइट बोगस" वाटतो तो यामुळे, आणि एलईडीच्या दुकानाची वाट तिथूनच सुरू होते.

मग मी इकडून सांगत गेलो आणि तो करत गेला. रिलेवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे एका जर्मन मानकातून आले आणि जगभर तेच आहेत, त्यामुळे आम्हाला भाषांतर लागलं नाही. आधी टेस्ट लॅम्प लावून बघितलं, कारण काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि मग जोडणी उलटी करावी लागते. अप्परला एक रिले, डिपरला एक. बॅटरीपासून अडीच एमएमची वायर, प्रत्येकीला फ्यूज. पीळ मारून काळी टेप गुंडाळायची नाही. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबायचा, वर स्लीव्ह चढवायची. दुपारी होल्डरवर १३.६ आले. संध्याकाळी बापूनं गाडी दूध संस्थेच्या भिंतीसमोर दहा मीटरवर उभी केली. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर खडूची रेघ, तिच्याखाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिपरची कड दुसऱ्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवला. "दादा, आता ह्यो लाइट वाटतोय," एवढंच तो बोलला.

एक गोष्ट मात्र त्याच्या गाडीत आहे आणि माझ्या ट्रकमध्ये नाही. डॅशबोर्डवरचं ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक. मागे माल भरला की पाटे दबतात, नाक वर उठतं, आणि भिंतीवर जुळवलेला डिपर समोरच्याच्या तोंडावर जातो. ते चाक फिरवलं की दिवा तेवढाच खाली येतो. अमेरिकेत ते सक्तीचं नाही. मी ट्रेलर जोडला की मला काहीच करता येत नाही. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत हे चाक आहे आणि मी विचारलेल्या एकाही चालकाला ते कशासाठी आहे माहीत नव्हतं. बापू सहा वर्षं ती गाडी चालवतोय.

म्हणून जप्तीच्या मोहिमेवर माझा विश्वास नाही. बार जप्त होईल, गंजलेली अर्थ तशीच राहील. पासिंगला दिवे तपासतात, पण खासगी गाडी पंधरा वर्षं तिकडे फिरकतही नाही. सगळे जिथे जातात ती जागा पीयूसी केंद्र. तिथे एक भिंत आणि दोन रेघा असाव्यात, आणि डिपरची कड रेघेखाली आल्याशिवाय प्रमाणपत्र मिळू नये. यंत्र लागत नाही. स्क्रू फिरवणारा माणूस लागतो, आणि तो तिथे बसलेलाच असतो.

आणि ग्रुपवरचा तो फोटो? त्यातलं दुःख मला एलईडीपेक्षा मोठं वाटतं. एलईडीवर भांडता भांडता आपण न दिसणाऱ्या ट्रॉलीला सोडून देतो. अमेरिकेत १ डिसेंबर १९९३ पासून बनलेल्या प्रत्येक मोठ्या ट्रेलरवर लाल-पांढरी चमकणारी पट्टी सक्तीची आहे. पुढे सरकारनं अभ्यास केला तेव्हा अंधारात अशा ट्रेलरवर मागून आणि बाजूनं होणाऱ्या धडका २९ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. या पट्टीला ना वायर लागते ना फ्यूज. मागच्याचा मंद दिवासुद्धा तिला पुरतो.

आपल्याकडेही हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो येतात, आणि जानेवारीपर्यंत निम्मे रिफ्लेक्टर चिखलात आणि पाचटात गेलेले असतात. काका म्हणतात, हे वाहनमालकाचं काम. मी म्हणतो, कारखान्याचं. उसाची प्रत्येक गाडी काट्यावर थांबते. वजन होतं, नोंद होते, पावती फाटते. ट्रॉली रिकामी होऊन परत काट्यावर येते तेव्हा तिची मागची फळी उघडी असते. तिथे एक माणूस फडकं आणि पट्टीचं रीळ घेऊन उभा करा. पट्टी नसेल तर लावा, मळली असेल तर पुसा, आणि मगच पावती द्या. या हंगामात आमच्या भागातल्या एका कारखान्यानं जरी हे केलं, तरी पुढच्या वर्षी ग्रुपवर काय येतं ते बघू.