घरबसल्या खुनाचा छडा कसा लावावा

सर्वांत आधी एक पथ्य: आरोपपत्र वाचू नका. त्यात शेकडो पानं असतात आणि, त्याहून वाईट म्हणजे, उत्तरं असतात. अनुत्तरित प्रश्न हेच तुमचं भांडवल. ते असं वाचनात उधळू नये.

सुरुवात मृत्यूच्या वेळेपासून करा. डॉक्टर म्हणतात, 'अंदाजे रात्री दहा ते दोन.' देह थंड किंवा ताठर व्हायला लागणारा वेळ हवेवर, कपड्यांवर, अंगकाठीवर अवलंबून असतो, म्हणून ते बिचारे 'अंदाजे' म्हणतात. तुम्ही विचारा, हे चार तास कुणासाठी मोकळे ठेवलेत? सीसीटीव्हीचं घड्याळ सात मिनिटं पुढे निघालं तर सोन्याहून पिवळं. ती सात मिनिटं कुणी गिळली? शिवाय शेजारच्या घरात मध्यरात्री दिवा लागला होता म्हणे. माणूस रात्री उठतो, पाणी पितो, वगैरे. पण एवढ्यात तुमचं समाधान होऊ देऊ नका.

मग नातेवाईक पाहा. रडले तर नाटकी, न रडले तर पाषाणहृदयी. ही कसोटी जुनी आणि नावाजलेली आहे. ऑस्ट्रेलियात 1980 साली उलुरूजवळच्या तंबूतून नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. डिंगोनं, म्हणजे तिथल्या रानकुत्र्यानं नेली, असं आई लिंडी चेंबरलेन सांगत राहिली. पण टीव्हीवर ती लोकांच्या मनाजोगती रडली नाही. 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. 1986 मध्ये बाळाचं जॅकेट डिंगोंच्या वावराच्या जागी सापडलं आणि ती सुटली. तिच्या गाडीतल्या 'रक्ताच्या' डागात गाडीचा आवाज दाबण्यासाठी कारखान्यात फवारलेलं रसायन निघालं. मृत्यूचं कारण डिंगो, हे अधिकृतपणे नोंदवायला 2012 उजाडलं. बत्तीस वर्षं! तोवर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी आईकडे वळलेले असता.

डीएनएचा उल्लेख अधूनमधून पेरावा, वजन येतं. जर्मनीत हाइलब्रॉन इथे 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका बाईचा डीएनए ऑस्ट्रिया-फ्रान्ससकट चाळीसेक गुन्ह्यांत आढळत होता. 2009 मध्ये कोडं सुटलं: नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्यांनाच कारखान्यातल्या एका कामगार बाईचा हात लागला होता. हे तर पगारी, प्रशिक्षित लोक. तुम्हाला ना पगार, ना प्रशिक्षण. तेव्हा तुम्ही कितीतरी पुढे जाऊ शकता.

अब्रुनुकसानीची धास्ती वाटत असेल तर जुनं प्रकरण घ्या, दावा लावायला कोणी उरलेलं नसतं. 1888 मधल्या लंडनच्या जॅक द रिपरसाठी, म्हणजे कधीच न सापडलेल्या त्या खुन्यासाठी, शंभरावर संशयित सुचवून झाले आहेत. त्यात राणी व्हिक्टोरियाचा नातूसुद्धा आहे. काही खुनांच्या वेळी तो स्कॉटलंडमध्ये होता अशी नोंद आहे खरी, पण राजघराण्याच्या नोंदी ठेवतं कोण? राजघराणंच ना!

जिवंत माणसाबद्दल मात्र विधान कधी करू नये, प्रश्न विचारावा. 'अमुक खुनी आहे' याला पुरावा लागतो. 'अमुक गप्प का?' याला लागत नाही. तो बोलला की विचारा, आत्ताच का बोलला?

आणि एखादे दिवशी खरा आरोपी सापडलाच, हत्यार मिळालं, त्यानं कबुलीही दिली, तर अजिबात खचू नका. इतक्या सहज कशी दिली? शिवाय शेजारचा तो दिवा अजून राहिलाच आहे.