मास्तर, ह्येचे पाय मोजा

मृग लागला की आमच्या खळ्यात डब्या यायला लागतात. तंबाखूच्या डब्या, गोळ्यांच्या डब्या, झाकणाला दाभणाने भोकं पाडलेल्या कॉफीच्या बाटल्या. आत काहीतरी असतं. कधी जिवंत, कधी अर्धमेलं, बहुतेकदा चपलेखालून जाऊन आलेलं. आणणारा पडवीत टेकतो, डबी पुढे सरकवतो आणि विचारतो, “मास्तर, ह्यां काय असा?”

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. जीवशास्त्राच्या बाई वेगळ्या आहेत. पण त्या कणकवलीहून जाऊन-येऊन करतात आणि संध्याकाळची एसटी गेली की वाडीच्या वाट्याला मीच उरतो. शेजारच्या तात्यांना हे समजावून पाहिलं. ते म्हणाले, “गणिताचे मास्तर तुमी. पाय तरी नीट मोजशात!”

यावर बोलायला जागा नव्हती, कारण किडा ओळखायची सुरुवात खरोखरच पायांच्या हिशेबाने होते. सहा पाय असतील तर कीटक. आठ असतील तर कोळी-विंचवाच्या गोतावळ्यातला. त्याहून जास्त दिसले तर आधी आपण आपले पाय वर घ्यायचे आणि मग मोजायचे.

पण वाडीला हिशेबात गोडी नसते आणि नावात तर नसतेच. वाडीचे प्रश्न दोनच: “चावता काय?” आणि “मारूचा काय?” दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या आधीच देऊन झालेलं असतं. त्यामुळे माझ्याकडे येतो तो बऱ्याचदा मुद्देमाल. परवा वाडीतल्या एका पोराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. फोटोत होता अंधार, अंधारात चपलेचा अंगठा, आणि अंगठ्याशेजारी एक डाग. खाली मजकूर: “सर, अर्जंट.”

जिवंत येतात त्यांची कथा वेगळी. मृगाचा किडा घ्या. लालभडक, मखमली, पोरं तळहातावर घेऊन मिरवतात. त्याला आठ पाय, म्हणजे तो कोळ्याचा नातेवाईक. हे मी भर पडवीत जाहीर केलं तेव्हा आईने कौतुकाने हातावर घेतलेला किडा झटकन अळवात सोडला. तासाभरापूर्वी त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं! वर त्याची पिल्लं जन्मतात ती सहा पायांची, हे मी सांगितलंच नाही. गणिताच्या मास्तराने आपली इभ्रत आपणच सांभाळावी.

मांगरामागच्या काजूवर हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची, घरटी आहेत. पानाला पान शिवलेली, हात लागला तर बोंब मारायला लावणारी. भाच्याने तिथून एक हुमला डबीत घालून आणला आणि म्हणाला, “मामा, हा चावतच नाय.” न चावणारा हुमला ही बातमी होती. मी भिंग आणलं. तांबूस अंग, बारीक कंबर, लगबग, सगळं मुंगीसारखं. डोक्यापुढे दोन मिशा हलत होत्या. मग तो डबीच्या काठावरून पडला आणि खाली पोचलाच नाही, अधांतरी लोंबकळत राहिला. मागून दोरा निघाला होता. मुंगी दोऱ्याने लोंबकळत नाही. पुन्हा मोजलं तेव्हा कळलं की मिशा म्हणजे पायांची पुढची जोडी, वर उचलून नाचवलेली. हा मुंगीचं सोंग घेऊन हुमल्यांच्या शेजारी राहणारा कोळी. यातल्या नराचे जबडे इतके लांब असतात की एक मुंगी दुसरीला उचलून नेते आहे असा भास व्हावा. आमच्याकडच्या दशावतारातसुद्धा कोणी सोंग एवढ्या निगुतीने सांभाळत नाही.

घोण, म्हणजे मोठी गोम, निघाली की मात्र सगळी वाडी एकमताने चप्पल उचलते. त्या वेळी माझं गणित कोणी ऐकत नाही, म्हणून इथे सांगून घेतो. घोणीच्या पायांच्या जोड्या कायम विषम. आमच्या चिऱ्यांखालून निघणाऱ्या जाड घोणीच्या बहुधा एकवीस असतात, म्हणजे पाय बेचाळीस. इंग्रजीत तिला सेंटिपीड, म्हणजे शंभरपायी म्हणतात. पण शंभर पाय भरायला पन्नास जोड्या लागतात आणि पन्नास ही सम संख्या, तेव्हा शंभर पायांची घोण असूच शकत नाही. नववीच्या वर्गाला हे उदाहरण घातलं तर एकाने विचारलं, “सर, एक पाय तुटलेलो असलो तर?” पोरगं पुढे जाणार. पैसा, म्हणजे हात लावताच गुंडाळी करणारा तो गरीब प्राणी, त्याला बहुतेक कड्यांवर दोन-दोन जोड्या. त्यांच्यातला हजाराच्या वर पाय असलेला पहिला जीव जगाला माहीत झाला २०२१ साली. ऑस्ट्रेलियातला, पाय १,३०६. ते मोजणाऱ्या माणसाबद्दल मला व्यवसायबंधू म्हणून आदर आहे. आणि घोण आपण म्हणतो तशी चावत नाही. तिच्या पायांची पहिली जोडी विषारी नख्यांची झालेली असते, ती टोचते. तात्यांना घोण ‘चावली’ तेव्हा मी हे सांगायला तोंड उघडलं होतं. बायकोने डोळे वटारले.

न्हाणीतल्या भिंतीवर एका रात्री आईला कुर्ली दिसली. “भिंतीर कुर्ली चढली गो!” अशी हाक आली आणि मी बॅटरी घेऊन धावलो. चपटं अंग, तिरकी चाल, पुढे काटेरी नांग्या, आणि दोन पाय इतके लांब की त्यांनी तो भिंत चाचपडत होता. इंग्रजीत याला व्हिप स्पायडर म्हणतात. आठ पायांपैकी चालायला सहाच वापरतो, पुढचे दोन चाचपायला. विंचवासारखा डंख नाही, विष नाही. रूप तेवढं असं की देवाने घाईत उरलेल्या भागांतून जुळवला असावा. आई थोडी नाराज झाली. कुर्ली असती तर वाटप तरी लावता आलं असतं.

न्हाणीतच एक हाताच्या पंजाएवढा कोळी असतो. तो जाळं विणत नाही, झुरळं धरून खातो. मादी पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरून फिरते. “झुरळं खाणारा आहे, राहू दे,” म्हणून मी त्याला अभय मिळवून दिलं. बायकोची अट एवढीच की आंघोळीला जाताना आधी मी आत जाऊन तो कुठल्या भिंतीवर आहे ते कळवायचं.

हल्ली किडा ओळखायची ॲपं निघाली आहेत. २००८ पासून आयनॅचरॅलिस्ट आहे, तिथे जगभरचे जाणकार नाव सुचवतात. मी एका कोळ्याचा फोटो टाकला. एकाने लिहिलं, डोळ्यांची मांडणी दिसेल असा समोरून काढा. समोरून काढला. दुसऱ्याने लिहिलं, पोटाकडून काढा. कोळ्याला काचेच्या बरणीत घालून, बरणी डोक्यावर धरून तोही काढला. शेवटी एकाने सांगितलं की या गटात जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नक्की नाव सांगता येत नाही. मी बरणी उघडली आणि त्याला जाऊ दिला. घरोब्यालाही मर्यादा असते.

कोळ्याचा न्याय व्हायला हवा अशी आणखी एक बाब. सकाळी उठून मानेवर लाल चट्टा दिसला, आग व्हायला लागली की आमच्याकडे निदान ठरलेलं: “कोळी मुतलो.” अशा कित्येक चट्ट्यांमागे कोळी नसतोच. सेंटिमीटरभर लांबीचा, नारिंगी-काळा, दिव्यावर येणारा एक भुंगेरा असतो. तो चावत नाही, डंखत नाही. आपण झोपेत मानेवर रगडतो आणि त्याच्या अंगातलं द्रव्य कातडी भाजतं. चट्टा उठतो दुसऱ्या दिवशी, तोवर गुन्हेगार मेलेला आणि भिंतीवर बसलेला कोळी समोर. तेव्हा रगडू नये, फुंकर मारून उडवावा आणि कातडी साबणाने धुवावी. हे मी घरोघर सांगतो. लोक मान डोलावतात आणि कोळ्याला मारतात.

विंचवाच्या बाबतीत मी चेष्टा करत नाही. मोठी काळी इंगळी बघून माणूस किंचाळतो, पण जिवावर उठतो तो लहानसा लाल विंचू. घाम फुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, हृदयावर येतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध यावर वापरून कोकणातले किती जीव वाचवले! २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा मंत्र-बिंत्र नको, सरळ दवाखाना.

विंचू अतिनील उजेडात हिरवट चमकतो असं वाचलं आणि मी नोटा तपासायची जांभळी बॅटरी मागवली. रात्री बायकोला हौसेने गडग्याकडे नेलं आणि बटण दाबलं. एक चमकला. त्याच्या वर दुसरा. मग चिऱ्यांच्या फटीफटीतून हिरवे ठिपके लागले. “हे रोज इथेच असतात?” तिने विचारलं. म्हटलं, “असणारच, आज आपल्याला दिसले एवढंच.” बॅटरी दुसऱ्या दिवसापासून सापडत नाही.

गेल्या चतुर्थीला गणपतीवर रानफळं टांगून सजवलेल्या माटवीवर ॲटलस पतंग येऊन बसला. कांगल्या आणि कवंडळांच्या मध्ये, पंख पसरून वीतभराहून मोठा, पंखांच्या टोकांना सापाच्या फण्यासारखी नक्षी. घर चाकरमान्यांनी भरलेलं, प्रत्येकाचा फोन वर. एक पुतण्या ‘दुर्मीळ पतंग आढळला’ अशी बातमी पेपरात द्यायला निघाला. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे हा दुर्मीळ पतंग आढळतोच, म्हणून मी त्याला बसवला. आईने पतंगापुढे मोदक ठेवला होता.

“तो खात नाही,” मी म्हटलं. “अळी असताना खाल्लेल्यावरच आठवडा-दोन आठवडे काढतो.”

“चावता काय?” तात्यांनी विचारलं.

“याला खाता येईल असं तोंडच नसतं, तात्या.”

माजघरात मुंबईच्या तिन्ही जावा, दोन आत्या आणि भाऊजी एकाच वेळी बोलत होते. आईने तिकडे एकदा पाहिलं, मोदक उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “तोंड नसलेलो एक तरी इलो ह्या घरात. ऱ्हवांदे तेका.”