गच्चीचे पाणी गटारात, टँकर दारात

काल संध्याकाळी पुण्यात धो-धो पाऊस कोसळत असताना आमच्या सोसायटीच्या फाटकातून दहा हजार लिटरचा टँकर आत शिरला, आणि त्याच वेळी, त्याच्यापासून जेमतेम चार हातांवर, गच्चीवरून उतरलेला पाइप भरधार पाणी रस्त्यावरच्या गटारात ओतत होता. ते पाहून तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

जवळ जाऊन पाहिले, तर गच्चीचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप गुडघ्याच्या उंचीवर करवतीने कापला होता, त्याला नवाकोरा एल्बो, म्हणजे पाइप वळवायचा कोपरा, चिकटवून तोंड रस्त्याकडे वळवले होते आणि खालच्या तुकड्यात दुधाची रिकामी पिशवी कोंबली होती. खड्डा तर दिसेचना. त्यातली खडी-वाळू उपसून फरशांचा राडारोडा भरला आहे आणि वर पेव्हर ब्लॉक बसवून दोन गाड्यांची जागा काढली आहे. सचिवांना विचारले, तर म्हणाले, "अहो काका, पार्किंगमध्ये पाणी तुंबायचं, लोकांच्या तक्रारी होत्या." पाणी तुंबत होते ते गाळणीची जाळी तीन वर्षे कोणी धुतली नाही म्हणून, आणि ती धुऊन घ्या असे मी दर मे महिन्यात लेखी कळवत आलो आहे. पहिल्या सरींचे घाण पाणी बाहेर सोडायचे असते हे मलाही ठाऊक आहे. त्यासाठी वेगळी तोटी होती, तीही काढून टाकली.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमची गच्ची ५०० चौरस मीटरची आहे, पुण्यात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी २,८०,००० लिटर उरतात, म्हणजे २८ टँकर. हे पाणी बोअरच्या कडेने जमिनीत मुरवायचे सोडून आपण ते गटारात घालतो, एप्रिलमध्ये बोअर आटली म्हणून गळा काढतो आणि टँकरसाठी देखभाल शुल्क वाढवतो. शिवाय पाऊसपाणी मुरवण्याची ही यंत्रणा चालू असल्याचे दाखवून मिळकतकरातली सवलत दरवर्षी घेतो, याची कोणालाच लाज वाटत नाही. वरची टाकी भरून अर्धा-अर्धा तास वाहत असते, रोज सकाळी नळी लावून गाड्या धुतल्या जातात, आणि सभेत हा विषय काढला की निधी नाही असे सांगतात; प्रवेशद्वाराच्या ग्रॅनाइटला मात्र निधी होता.

जुन्नरला शिवनेरीवर कातळ फोडून गंगा-जमुना टाकी खोदणाऱ्यांकडे छिन्नी-हातोड्यापलीकडे काय होते? कान्हेरीच्या भिक्खूंनी लेण्यालेण्याशी पाण्याचे टाके कोरले. आम्हाला नुसती एक जाळी धुवायची होती.

रविवारच्या सभेत मी तो एल्बो कापून आणून टेबलावर ठेवणार आहे. ज्यांना त्या दोन गाड्यांची जागा हवी आहे, त्यांनी २८ टँकरचा हिशेब सर्वांसमोर द्यावा. तो मिळेपर्यंत माझ्याकडून टँकरचा एक रुपयाही मिळणार नाही.